एका बाजूनं बसलेलं जॅकेट

जपानातल्या कुमागाया शहराच्या उन्हानं तात्सुओचं डोकं आधीच फिरलेलं. हातमोजे घेऊन तो कामगारांच्या कपड्यांच्या दुकानात रांगेत उभा होता आणि पुढच्या आजींचं काही आवरत नव्हतं. काउंटरवर त्यांनी उन्हात काम करताना घालायचं, पाठीला दोन छोटे पंखे बसवलेलं जॅकेट ठेवलं होतं.

“डावा पंखा बंद पडलाय हो.”

“घाला बघू आजी,” दुकानदार म्हणाला, “वारा कितपत लागतो ते पाहू.”

“मी नाही घालत. आमच्या ह्यांचं आहे.”

“मग त्यांनाच पाठवा की!” तात्सुओ मागून वैतागला.

“गेल्या उन्हाळ्यात गेले ते. जेवताना मी त्यांच्या खुर्चीला घालते आणि बटण दाबते. छान फुगतं. आता डावा खांदा पडलेला दिसतो त्यांचा.”

दुकानदारानं जॅकेट उलटंपालटं केलं.

“पोट होतं का त्यांना?”

“होतं की! चांगलं गरगरीत.”

“मग साधा पंखा नाही पुरायचा. थांबा, जोराचा बसवतो.”