देवीचा डावा खांदा

हॅलो? … हां हर्षिता, बोल. … अगं झाली आंघोळ, ओल्या केसांनीच बसलेय देवघरात. तुझ्याच फोनची वाट बघत होते.

… नाही, अजून लावला नाही कौल. तू लाइनवर असताना लावते म्हटलं होतं ना? नंतर कोणी म्हणायला नको, थोरल्या जावेनं आत बसून काय केलं कोणाला ठाऊक.

… थट्टा करतेय गं. तू पण ना.

कंपनीला उत्तर कधी द्यायचंय? … आज दुपारी? पेढे आठवड्यापूर्वी पाठवलेस, आणि कौलाचं मला सांगतेयस काल रात्री. … सरी, सरी, असू दे. होतं असं.

थांब, फोन मानेत धरते. हात मोकळे हवेत. … शेवंतीच्या दोन पाकळ्या. पाण्यात बुडवल्या. एक देवीच्या उजव्या खांद्यावर… हं. एक डाव्या. … उजवी पडली की जा, डावी पडली की नको. … देवीचं उजवं गं, आपलं नाही. तू बघितलंच नाहीस कधी? … खरंच की. तू या घरात आल्यापासून गाव सोडायचं कोणी नावच काढलं नाही. आपल्याकडे कौल तेवढ्यासाठीच लावतात. लग्न ठरवायला नाही, घर घ्यायला नाही. पण गाव सोडायचं तर देवीला विचारल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. तीनशे वर्षांपूर्वी बेंगळुरात आलो तेसुद्धा कौल लावून आलो म्हणे. अम्मा असत्या तर त्यांनीच लावला असता. आता सासूचं हे काम पण माझ्याच गळ्यात.

विचारू? … आई, धाकट्या सुनेनं नोकरीसाठी आसामात, तेजपूरला जावं का?

झालं. आता पाकळी वाळून पडेपर्यंत बसायचं. पंखा बंद केलाय. अहो, ते दार स्वल्प लोटा, वारा येतोय. … आमचे हे गं, तुझे श्रीहरी अण्णा. कॉफीचा पेला घेऊन दारात उभे आहेत, मॅच बघायला आल्यासारखे.

तोवर सांग ना. सुम्ने, आपलं सहज विचारते. राहायला काय देणार? … बंगला? … चहाच्या मळ्यातच? म्हणजे होसकोट्याला गोडाऊनमध्ये बसून चहाची पाकिटं तपासत होतीस, ती आता एकदम मळ्यातल्या बंगल्यात. … नाही गं, छानच आहे. बढती आहे. सगळ्या तपासनीसांवर तू. … कौतुकच करतेय की. कौतुक आणखी कसं करतात?

व्हरांडा? … चारी बाजूंनी? … आमच्या बाल्कनीत कपड्यांचा स्टँड उघडला की माणूस मावत नाही. … तक्रार नाही गं, सांगतेय आपलं.

स्वयंपाकाला पण बाई? … आणि माळी. … बरं बरं. ऐकतेय.

पण हर्षिता, पाऊस किती तिकडे, विचारलंस का? … आणि थंडी? तुला इथल्या डिसेंबरात ऑफिसच्या कॅबमध्ये शाल लागते. आणि खायचं काय? सकाळी मासे, संध्याकाळी मासे. चातुर्मासात तुझ्या घरात कांदा येत नाही. … आपलं आपण करू, ते झालं गं. पण शेजारच्या फोडणीचा वास तर येणार. … भाषेचं काय? रात्री पोराला ताप आला तर कोणाचं दार वाजवशील, आणि काय सांगशील?

… शिकशील. बरं.

शौर्यची शाळा? … आहे? मळ्याजवळच? … चालत जाणार? … हं. व्हाइटफील्डला तो बसमध्ये झोपतो तेवढा घरी झोपत नाही, ते खरं आहे. … आणि श्रीहर्ष भाऊजी? … लॅपटॉपवर तिथूनच. म्हणजे सगळं ठरवूनच टाकलंयस. मग देवीला कशाला त्रास? … अगं चिडतेस काय. जीव आहे म्हणून विचारते.

नाही, पडली नाही अजून. दोन्ही चिकटून आहेत.

… झाडावर काय? … थांब, थांब, परत सांग. अंगणातल्या आंब्याच्या खोडावर? लांब वेणीसारखी लोंबतेय? गुलाबी-पांढरी, ठिपके असलेली? … बंगल्याच्या फोटोत नीट दिसतंय? … ती द्रौपदीमाळ, हर्षिता. 'कसलंसं फूल' काय म्हणतेस? ऑर्किड आहे ते. तिकडे बायका बिहूच्या सणाला केसात माळतात. … मला कसं ठाऊक म्हणजे? बॉटनी शिकवते ना मी? दरवर्षी पोरींना फळ्यावर काढून दाखवते. … पाहिलीय, प्रदर्शनात. कुंडीत, तार बांधून उभी केलेली. झाडावर, तिच्या जागी, नाही पाहिली. कॉलेजची सहल निघते तोवर तिचा बहर संपलेला असतो.

आणि तुझ्या अंगणात ती आपोआप.

… काही नाही. आहे मी. पाकळ्या बघतेय.

… हर्षिता. पडली.

डावी.

… डावीच गं. मी काय खोटं सांगेन? ह्यांनी पण बघितली. अहो, सांगा तिला. … मान हलवतायत. … आता मी काय करू? देवीनंच नको म्हटलं.

रडू नकोस. … अगं, रडायचं काय त्यात? इथे काय कमी आहे तुला? मेट्रो दारात आलीय. शनिवारी बस मेट्रोत, ये इंदिरानगरला, दोघी डोसा खायला जाऊ. नंतर साड्या बघू. … हो, हो… अगं ऐक ना. देवीला आपण जवळ हवे असतो. अम्मा नेहमी म्हणायच्या. कौलामुळे जयतीर्थ काकांचं म्हैसूर राहिलं, श्रीहर्ष भाऊजींचं पुणं राहिलं, कोणाचं काय बिघडलं? दोघांची घरं झाली, पोरं झाली. आपलं नशीब म्हणायचं आणि कामाला लागायचं.

… माझा आवाज? कसा येतोय? … खूश? मी कशाला खूश होऊ? काहीतरीच तुझं. ओल्या केसांनी बसलेय, घसा बसला असेल.

थांब, हे काहीतरी म्हणतायत. … काय हो? … असं कुठे असतं? … हर्षिता, हे म्हणतायत प्रश्न उलटा करून विचार. 'जावं का' नको, 'इथेच राहावं का' असं विचार. इंजिनिअर ना. देवीची पण टेस्टिंग. … तुला पण तसंच वाटतं? … मला काही नाही. विचारते. जाण्याला नको म्हणाली ती राहण्याला हो म्हणेल, तुझ्या मनाची शांती होईल.

पाकळ्या बारीक घेतल्यात, लवकर वाळतील. … आई, हर्षितानं बेंगळुरातच राहावं का? … घे. बस आता.

… नाक पूस आधी. आवाज फाटतोय तुझा. … कंपनीला काय सांगायचं? घरच्यांची अडचण आहे म्हणायचं. बाईमाणसाला तेवढं सांगितलं की कोणी पुढे विचारत नाही. मी पण तेच… नाही, काही नाही. तुझं चालू दे.

… अगं बाई. … डावी.

… अहो सरका, मला बघू दे. … डावीच पडली, हर्षिता. … हो, म्हणजे राहायचं पण नाही. जायचं नाही आणि राहायचं पण नाही. … मला काय विचारतेस? होसकोट्याला गोडाऊनमध्ये झोप म्हणत असेल.

अहो, तुम्ही काय करताय? … देवीची कोणी अशी चेष्टा करतं? … हर्षिता, ऐक ह्यांचं. पाकळ्या लावल्या आणि विचारतायत, 'आई, मी आणखी एक कॉफी घेऊ का?' … हसू नकोस, मला राग येतोय. … नाही, अजून आहेत. … पडली.

… डावी.

ते लिंबू कशाला उचललंत? पूजेचं आहे ते. … जमिनीवर का ठेवताय? … …

नाही, आहे मी. कट नाही झाला. … सांगते, थांब. ह्यांनी लिंबू देवीच्या चौरंगासमोर फरशीवर ठेवलं. आपणहून घरंगळत निघालं. देवीच्या डाव्या बाजूला. पार कोपऱ्यातल्या भोकापाशी जाऊन थांबलं. … पाणी जायचं भोक गं. ही खोली आधी न्हाणीघर होती. मामंजींनी स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा देव इथे आणले. फरशी नवी घातली, भोकावर जाळी बसवली, उतार तसाच राहिला. … म्हणजे काय म्हणजे? चौरंग कललेला. देवी कललेली. डावा खांदा खाली. कोणी काही विचारो, डावीच पडणार. समईचं तेल रोज त्याच बाजूनं सांडतं. मी वातीला दोष देत बसले.

… हो, काकांचं म्हैसूर पण. भाऊजींचं पुणं पण. देव इथे आणल्यानंतरचंच सगळं.

हसतेयस? … हस गं. मी कुठे नको म्हणतेय. … …

नाही, राग नाही आला. … हर्षिता, मी डेहराडूनला जाणार होते.

… तुला कोण सांगणार? तू यायच्या आधीची गोष्ट. जंगलांच्या अभ्यासाची नोकरी होती. हिमालयात फिरायचं, झाडं गोळा करायची, वाळवायची, नावं लावायची. इथून माझी एकटीची निवड झाली होती. हे पण यायला तयार होते. बूट आणले होते मी डोंगरात चालायचे. … अम्मांनी कौल लावला. याच खोलीत. मी इथेच बसले होते, हात जोडून. … आणखी काय पडणार?

… छे, अम्मांनी काही केलं नाही. त्यांचे तर डोळे मिटलेले होते. माझ्याबरोबर त्या पण रडल्या. मी देवीवर रुसलेसुद्धा नाही गं. वाटलं, तिला पुढचं काही दिसत असेल. डोंगरात पाय घसरला असता, कड्यावरून पडले असते, काहीतरी असेल. इतकी वर्षं रोज फुलं वाहताना तेच मनात म्हणत आले, आई, तू वाचवलंस मला. … आणि ती मोरी होती. माझं डेहराडून मोरीच्या भोकातून गेलं.

अहो, तुम्ही बाहेर जा. … काही होत नाही मला. जा, घ्या तुमची कॉफी.

… काय म्हणालीस? … हो, पुठ्ठा घेऊन उभेच आहेत हे, चौरंगाच्या पायाखाली घालायला. लगेच सरळ होईल. … नाही. मी नाही लावणार परत. … नाही म्हटलं ना.

ऐक, सांगते. तुला काय वाटायचं ते वाटू दे. मघाशी डावी पडली तेव्हा मला बरं वाटलं. … हो, तुझ्या कानाला बरोबर ऐकू आलं. खूशच होते मी. तू रडत होतीस आणि मी तुला डोशाचं सांगत होते. तू आनंदानं पेढे पाठवलेस ना? एक पण खाल्ला नाही मी. सगळा डबा चंद्राबाईंना दिला, भांडी घासून निघाल्या होत्या, म्हटलं न्या. आठवडाभर जळतेय. आणि आज तुझ्या बंगल्यावर, तुझ्या व्हरांड्यावर. तुला ज्याचं नाव ठाऊक नाही ते तुझ्या अंगणात फुललंय, त्यावर तर सगळ्यात जास्त.

… 'अक्का, असं बोलू नका' म्हणू नकोस. खरं आहे ते. तुझ्यावर माया नाही असं नाही. पण दोन्ही आहे, आणि आज हे जास्त आहे.

म्हणून म्हणते, कौल लावायला मला सांगू नकोस. देवी सरळ केली आणि उजवी पडली, तर माझ्या डोळ्यांसमोर पडेल. माझं नको झालेलं मी इथे बसून बघितलंय. तुझं हो झालेलं बघायला माझ्याच्यानं बसवणार नाही. … आणि परत डावी पडली तर? तर मी तुला ती सांगेन, हर्षिता. हसत सांगेन. ते मला नकोय.

… मग कोणाला विचारू म्हणजे? कोणालाच नको. … तुला जायचंय का? … भाऊजींचं नको सांगू. शौर्यचं पण नको. तुला. …

… मग झालं की. कंपनीला फोन लाव आणि हो म्हण.

… आशीर्वाद? तो नाही गं आज माझ्याकडे. उसना पण आणता येणार नाही. पोटात आग पडलीय आणि तशीच म्हणतेय, जा. … रडतेयस काय परत? … आणि हे बघ, मला तिकडे बोलावू नकोस. लगेच तर नकोच. फोटो पण पाठवू नकोस.

… हो. … हो गं. … बरं, फोन ठेव आता. … मला काही होत नाही, तू ठेव. … हर्षिता, ठेव म्हणते ना. मी 'जा' म्हणतेय तोवर ठेव.