डाव्या कुशीवरची झोप

तंत्रज्ञ : …आणि दुसऱ्या रात्रीही तेच, काका. तासाला फक्त चार वेळा श्वास अडखळलाय. पाचच्या आत असेल तर आम्ही त्याला आजार म्हणत नाही.

क्रेनचालक : म्हणजे मी ठणठणीत?

तंत्रज्ञ : यंत्र तसं म्हणतंय.

क्रेनचालक : मग संपलंच सगळं.

बायको : अहो, असं काय बोलता!

क्रेनचालक : मग काय नाचू? मॅडम, सोमवारी माझी चौकशी आहे. यार्डात क्रेनच्या केबिनमध्ये माझा डोळा लागला आणि लोखंडी तुळया चाळीस सेकंद हवेत लटकत राहिल्या. खाली माणसं होती. कुणाला खरचटलंही नाही, पण साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. आजार असेल तर उपचार घेऊन परत ये. नसेल तर तो निष्काळजीपणा, आणि मग घरी बस. सव्वीस वर्षं काढलीत मी त्या केबिनमध्ये.

तंत्रज्ञ : रुग्णालयात झोपवून तपासणी करता आली असती तर…

बायको : तिथं तीन महिन्यांनी नंबर लागतो. म्हणून तर हे मनगटावरचं यंत्र घरी नेलं.

तंत्रज्ञ : आणि तेही अजून चाचणीतच आहे. पण नोंदीत नाही ते मला लिहिता येणार नाही, काका.

क्रेनचालक : नका लिहू. खोट्या कागदावर मला परत जायचंही नाही.

तंत्रज्ञ : थांबा. एक गोष्ट मला कालपासून खटकतेय. माणूस कुठल्या कुशीवर आहे, ते यंत्राबरोबर छातीवर चिकटवायची चकती नोंदवते. दोन्ही रात्री तुम्ही जवळजवळ पूर्ण वेळ डाव्या कुशीवर आहात. पाठीवर आलात की मिनिटाच्या आत पुन्हा डावीकडे. एका रात्रीत एकोणतीस वेळा! इतक्या शिस्तीत कुणी झोपत नाही.

क्रेनचालक : शिस्त? मला तर चपला जागेवर ठेवायची शिस्त नाही.

बायको : ती शिस्त माझी.

तंत्रज्ञ : म्हणजे, काकू?

बायको : हे उताणे झाले की आधी घोरतात आणि मग एकदम गप्प होतात. ते गप्प होणं मला सहन होत नाही. खांद्याला धरून वळवते. नाहीच वळले तर गुडघा लावते.

क्रेनचालक : गुडघा? तरीच! कंबर दुखते म्हणून मी दोन डॉक्टर बदलले!

तंत्रज्ञ : हे कधीपासून करताय तुम्ही?

बायको : धाकटी शाळेत जायला लागली तेव्हापासून. आता ती कॉलेजात आहे.

तंत्रज्ञ : यंत्र लावलं होतं त्या रात्रीही?

बायको : त्या रात्री तर डोळ्यात तेल घालून. म्हटलं, तपासणी आहे, नीट पार पडू दे.

क्रेनचालक : अगं, परीक्षा माझी आणि पेपर तू लिहिलास!

तंत्रज्ञ : पण तुम्ही रोज इतकं सांभाळता, तर यांना कामावर झोप का येते?

बायको : रोज कुठं? यांची कायम रात्रपाळी. सकाळी येऊन झोपतात, तेव्हा मी लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करत असते. सुट्टीच्या रात्री तेवढ्या माझ्या वाट्याला. आता चौकशी होईपर्यंत घरी बसवलंय, तेव्हापासून रोज रात्री झोपताहेत.

तंत्रज्ञ : म्हणजे एरवी हे एकटे झोपतात, आणि उताणे! काकू, यंत्र चुकलेलं नाही. त्यानं तुमची राखण मोजली. डॉक्टरांना विचारते, ते हो म्हणाले तर आज रात्री पुन्हा लावू. तुम्ही मात्र दुसऱ्या खोलीत झोपायचं.

बायको : आणि यांचा श्वास अडकून राहिला तर?

तंत्रज्ञ : मेंदू स्वतःच त्यांना खडबडून जागं करतो. तुम्ही लॉन्ड्रीत असता तेव्हा तो तेच करत आलाय, म्हणून तर यांची झोप कधी पुरी होत नाही. एकच रात्र, काकू. हात लावायचा नाही.

बायको : सांगायला सोपं आहे, बाई.

(दुसऱ्या दिवशी सकाळी. तंत्रज्ञाची तीच खोली.)

तंत्रज्ञ : बसा, काकू. डोळे किती लाल झालेत तुमचे!

बायको : भिंतीपलीकडून सगळं ऐकू येतं हो. घोरणं थांबलं की मी मोजत बसायचे. वीस, तीस, एकदा तर चाळीस. चार वेळा दारापर्यंत गेले आणि परत फिरले. पण हात लावला नाही.

क्रेनचालक : मॅडम, काय ते सांगून टाका.

तंत्रज्ञ : त्रेचाळीस.

क्रेनचालक : रात्रभरात?

तंत्रज्ञ : तासाला! रक्तातला ऑक्सिजन अठ्ठ्याहत्तर टक्क्यांपर्यंत उतरला होता. डॉक्टरांनी आलेख स्वतः तपासून सही केलीय. काका, तुम्हांला आजार आहे, आणि तो गंभीर आहे.

क्रेनचालक : अगं, ऐकलंस? गंभीर! साधासुधा नाही!

बायको : हळू बोला, बाहेर लोक बसलेत. आजार निघाला म्हणून कुणी असं ओरडतं का? आणि आता रडताय कशाला?

क्रेनचालक : सगळं यार्ड मला झोपाळू म्हणत होतं गं. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

तंत्रज्ञ : यावर उपचार आहे, काका. झोपताना नाकावर मास्क लावायचा. त्यातून हवेचा हलका दाब येतो आणि श्वासाची वाट उघडी राहते. महिनाभर नीट वापरा, मग पुन्हा मोजू. आकडा उतरला की डॉक्टर कामावर जाण्याचा दाखला देतील. चौकशीसाठी त्यांनी वेगळं पत्रही लिहिलंय. आणि काकू, घरी यंत्र देताना आम्ही दहा प्रश्न विचारायचो. शेजारी कोण झोपतं आणि ते काय करतं, हे कधी विचारलंच नव्हतं. आजपासून पहिला प्रश्न तोच. डॉक्टर म्हणाले, चाचणीतली एवढी मोठी उणीव काकूंमुळे सापडली.

बायको : मी कसली उणीव शोधते! मी आपली गुडघा लावत होते.

तंत्रज्ञ : पत्रावर शिक्का मारून आणते. दहा मिनिटं लागतील.

क्रेनचालक : तोवर मी साहेबांना फोन लावतो… हॅलो, साहेब? मी बारा नंबरचा क्रेनवाला. हो, अहवाल आला. आजार निघाला, साहेब, तासाला त्रेचाळीस वेळा… उपचार आहे ना, महिनाभराचा प्रश्न… सोमवारी दहाला पत्र घेऊन हजर होतो… काय म्हणालात? केबिन माझ्यासाठी ठेवताय?… साहेब, काय बोलू मी!… हॅलो? नाही, फोन ठीक आहे. पण याहून मोठ्यानं नाही बोलता येणार. शेजारी बायकोला झोप लागलीय.