गुरेझची शेवटची सुमो

बांदीपोऱ्याच्या स्टँडवर मी सुमोत बसलो होतो. खिडकीबाहेर एक म्हातारा बायकोला निरोप देत होता. मी मफलर कानांवरून खाली ओढला.

"अहो, रात्रीपासून मोठा बर्फ सांगितलाय. राजदानची खिंड बंद झाली, तर मी वसंतापर्यंत पलीकडेच अडकेन."

"हवामानवाल्यांचं काय ऐकतेस, फाझी! मागे वादळ म्हणाले, तेव्हा मी दिवसभर उन्हात पाठ शेकली."

"पण तुमच्या जेवणाचं काय?"

"चार दिवसांचा तर प्रश्न. लेकीचं पहिलं बाळंतपण आहे, तू जा. शुक्रवारी परत ये."

"काका, ही गोणी टपावर टाकू ना? केवढी जड!"

"हळू रे ड्रायव्हर, सुकी वांगी आहेत, सलगम आहेत."

"चार दिवसांना एवढं?"

"तू गाडी चालव."

"अहो, ही तर सगळ्या हिवाळ्याची बेगमी! घरात काय ठेवलंत?"

"मला सुकी भाजी आवडतच नाही."

"चाळीस वर्षं बोटं चाटून खाल्लीत!"

"तुला वाईट वाटू नये म्हणून. बस आता. शुक्रवारी मी इथंच उभा असेन."

"आणि बर्फ पडला तर?"

"तर छत्री घेऊन उभा असेन."