झुंबरबाईच्या दस्तावरील बांगडीबाबत

मी, दस्तगीर वल्द अल्लाउद्दीन अत्तार, वय वर्षे ४१, धंदा सनदी दस्तलेखन, सनद नंबर १७, राहणार कोडोली, पेटा पन्हाळा, इलाखा करवीर. ठाण्यातून बोलावणे आल्यावरून आज तारीख ११ फेब्रुवारी १९०४ रोजी समक्ष हजर होऊन सांगतो की,

मी नऊ वर्षे लोकांचे दस्त लिहितो. सनद मिळवायला त्याआधी चार वर्षे गेली. वय पंचविसाच्या वर पाहिजे, मोडी आणि बालबोध दोन्ही अक्षरे साफ पाहिजेत, गावातल्या दोन अब्रूदार माणसांनी चालचलणूक चांगली म्हणून लिहून द्यावे लागते, आणि वर परीक्षा. पहिल्या खेपेस मला मोडीत नापास केले. परीक्षकाने माझे नाव आधी वाचले आणि अक्षर नंतर, असे माझे म्हणणे आहे. हवालदार म्हणतात हे लिहायची गरज नाही. लिहावे.

सनद देताना शपथ घेतात. लिहून देणाऱ्याला स्वतः ओळखल्याशिवाय लिहायचे नाही, पुरा दस्त वाचून दाखवल्याशिवाय निशाणी घ्यायची नाही, आणि रिवाजाबाहेर काही घडले तर ते समासात नोंदवायचे. ज्याला लिहिता येत नाही तो कलमाला हात लावतो आणि त्याची निशाणी आम्ही काढतो. कुणब्याचा नांगर, बाईची बांगडी. विधवा बाईची आमच्याकडे फुली काढतात.

गेल्या नोव्हेंबरच्या १९ तारखेस झुंबरबाईने मला बोलावले. प्लेगामुळे गाव रिकामा करून आम्ही सगळे माळावर झोपड्या घालून होतो. झुंबरबाईचा नवरा नऊ वर्षांपूर्वी वारला. तिला मी लहानपणापासून आक्का म्हणतो. तिची मुलगी शालूबाई नवऱ्याने टाकल्यापासून आईजवळच असते. झुंबरबाईला तिच्या बापाने लग्नात चोळीबांगडीसाठी विहिरीजवळचे दोन बिघे शेत दिले होते. ते शालूबाईस बक्षीस लिहून द्यायचे होते. आक्काला ताप नव्हता, शुद्ध चांगली होती. स्टँपाचा कागद तिने महिन्याआधीच आणवून ठेवला होता.

दस्त लिहून मी तिला दोनदा वाचून दाखवला. साक्षीला पिराजी आणि ज्ञानू होते. ते झोपडीच्या दाराशी बसले होते. मी फुली काढायला कलम टेकवणार, तोच तिने माझे मनगट धरले आणि हळूच म्हणाली, "दस्तगीरभाऊ, फुली नगं. बांगडी काढा की."

मी म्हणालो, "आक्का, तसं काढत न्हाईत. लोक काय म्हणतील?"

ती म्हणाली, "त्यो गेला त्या दिशी दगडावर हात आपटून फोडल्या माज्या. लेकीला शेत देतीया, ते बी मोकळ्या हातानं देऊ व्हय? कागदावर तरी भरा."

मी बांगडी काढली. तिने कलमाला हात लावला आणि ती हसली. ओल्या शाईकडे ती बराच वेळ बघत होती.

नियमाप्रमाणे मी समासात एक ओळ लिहायला हवी होती की विधवा असून लिहून देणारीच्या मागणीवरून बांगडी काढली. ती मी लिहिली नाही. चुकून नाही, समजून लिहिली नाही. नोंदणीच्या वेळी दस्त कचेरीत मोठ्याने वाचतात. आक्काची ती गोष्ट परक्या पुरुषांपुढे वाचली जावी हे माझ्या जिवाला पटले नाही.

सहाव्या दिवशी आक्का प्लेगाने वारली. पिराजी त्याच आठवड्यात गेला. प्लेगात बंद असलेली नोंदणी कचेरी उघडल्यावर शालूबाई दस्त घेऊन गेली, तेव्हा तिचा चुलता, म्हणजे आक्काचा दीर, हंबीरराव याने शेत आपल्या घराण्याचे म्हणून हरकत घेतली. त्याचे म्हणणे असे की, विधवा बाई बांगडीची निशाणी करणारच नाही, सबब दुसरीच कोणी सवाष्ण बाई बसवून दस्त केला आहे. ज्ञानू हंबीररावाचे रान वाट्याने करतो. त्याला विचारले तर तो म्हणतो, "मला काय आठवत न्हाय."

परवा हंबीरराव माझ्या घरी आला होता. म्हणाला, "दुसरीच बाई हुती, मला फसवलं, एवढं लिहून दे. तुजी सनद ऱ्हाईल. न्हायतर कागद खोटा आन् तू बी खोटा." मी त्याला पानसुपारी न देता बाहेर काढला. मी फसलेलो नाही. चाळीस वर्षे पाहिलेली बाई मला ओळखता येत नाही काय?

फौजदार साहेबांनी विचारले, बाईने बांगडी मागितली याला पुरावा काय. पुरावा नाही. माझ्या समासातली न लिहिलेली ओळ हाच तो पुरावा होता. शालूबाईला मी हे काल सांगितले. ती रडली नाही, रागावलीही नाही. "आई हसली व्हती न्हवं?" एवढेच तिने विचारले. शेत आता तिच्या हाती लागत नाही हे तिला कळले आहे. मलाही कळले आहे, आणि त्याची मला रात्रंदिवस लाज वाटते.

सनद नंबर १७ मी सोबत आणली असून मागण्याआधीच टेबलावर ठेवली आहे.

वरील मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "ती हसली" हे शब्द त्यात गाळले होते, ते माझ्या सांगण्यावरून पुन्हा घातले. आता सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे. वाचतेवेळी ठाण्यात हंबीरराव धरून पाच पुरुष हजर होते. आक्काचे बोलणे वाचले तेव्हा त्यांतले दोघे हसले.

सही, दस्तगीर अल्लाउद्दीन अत्तार, हस्ताक्षर खुद्द.