बोटीवरचा आचारी

—चालत नाही असं मी कुठं म्हटलं? चालतो की! चालतो म्हणून तर हा कॉम्प्युटरचा खेळ परत आणलाय. दादा, एकदा स्वतः खेळून बघा आणि मग विका लोकांना. काय तर म्हणे, आलिशान प्रवासी बोटींची कंपनी चालवा! डोंबलाची कंपनी. समुद्र बघितलात त्यातला? इस्त्री केलेल्या चादरीसारखा — लाट नाही, वारा नाही, काही नाही. तिकीट दुप्पट करा, प्रवासी खूश. पोहायचा तलाव बुजवून टाका — तरी खूश! मी एकदा सगळ्या बोटीवर एकच संडास ठेवला, मुद्दाम हं — तर कप्तान येऊन सांगतो, ‘प्रवाशांचा विश्वास वाढतो आहे.’ कसला विश्वास, मेल्या? त्याला तेवढं एकच वाक्य येतं. दिवसभर शिलाई मशीनवर पाठ मोडायची, संध्याकाळी जरा बसावं म्हटलं तर हा वैताग.

मला हौस नाहीये हो असल्या खेळांची. आमचे हे अशाच बोटीवर आचारी आहेत, म्हणून घेतला. म्हटलं, बघू तरी एवढं काय आहे तिथं. फोनवर विचारावं तर ‘काम असतं’ — संपलं. तर या खेळात भटारखाना आहे, त्यात आचारी, त्यातला एक जाडसर, जरा पोक काढून चालतो — अगदी ह्यांच्यासारखा. म्हटलं चला, आता मालकीण मी आहे! त्याचा पगार कापला. सुट्ट्या बंद केल्या. बिनखिडकीच्या खोलीत टाकला, इंजिनाच्या डोक्यावर. माणूस वैतागेल की नाही? बॅग भरून निघेल की नाही? छे! डोक्यावर ते ‘खूश आहे’वालं हसरं तोंड उगवतं आणि हा आपला कांदे चिरतोय. — हो, काढून टाकायचं बटण आहे, दिसलं मला, आंधळी नाहीये मी. पण हाकलून घरी पाठवलेला माणूस काय करायचाय मला? त्यानं आपणहून निघायला हवं ना! मग उलटं केलं — रजा मंजूर, भरपगारी, जा बाबा घरी. बंदराला बोट लावली. शिडीपर्यंत आला. आणि वळला, परत भटारखान्यात! आता हे खरं वाटतं का? घरी बायको असलेला माणूस असं करेल?

आमच्या ह्यांचं तसं नाही. त्यांना यायचंय हो, कंपनीच सोडत नाही. करार संपला की पुढचा गळ्यात मारतात — परवाच फोन आला, हा सलग तिसरा करार. आवाज अगदी पडला होता... म्हणजे, मागं कुठंतरी गाणी चालली होती, हसत होतं कोणी, नीट ऐकू नाही आलं. मी विचारलं, माझं काही चुकलंय का, तर ‘तसं काही नाही.’ इतकी आठवण येते ना मला, की — जाऊ दे. तर हा तुमचा खेळ म्हणजे शुद्ध फसवणूक आहे. असा कुठला नोकर असतो?

काय? तुमचा मेहुणा? तोही बोटीवरच? बरं, मग? ...करार संपला की घरी पाठवतातच? सक्तीनं? ...पुढचा लगेच हवा असेल तर आपणच मागे लागायचं, हातापाया पडायचं?

काहीतरीच. तुमच्या मेहुण्याला काय कळतंय! सगळ्या कंपन्या सारख्या नसतात. कुठल्या कंपनीत आहे तो?

...तीच?

नको. पैसे नकोत, दुसरा खेळही नको. आणि असे बघू नका माझ्याकडे. मागचं गिऱ्हाईक ताटकळलंय, त्याचं बघा.