गायींची फीत आणि माझी पोर

…आणि वर सासूबाई मलाच विचारतात, ‘नीट पाजतेस ना गं?’ आता तुम्हीच सांगा, मी काय पोरीला उपाशी ठेवते? दिवसभर मांडीवरून उतरत नाही ती, माझी पाठ गेली कामातून, पण वजन भरत नाही.

त्यात आमचे हे गायींच्या पैदास केंद्रावर नोकरीला. पांढरी, काबरी, तांबडी, अशा तीन जाती आहेत तिथं, सगळ्या कडक उन्हात टिकणाऱ्या. कुणाचं वासरू किती वाढलं, कुठली गाय परत कधी व्याली, हे ताडून बघायचं. बघावं की, पण ते तिथंच ठेवून यावं ना माणसानं? हे चपला काढायच्या आधी पाळण्यात डोकावणार. ‘पांढरीचं वासरू आज मला ढुशी देत होतं.’ अहो, हिला अजून मान धरता येईना, ही कुणाला ढुशी देणार?

परवा तर गुरांचं वजन करायची फीतच घेऊन आले. छातीला गुंडाळायची, तिच्यावर थेट किलोच छापलेले. गुंडाळली पोरीला, तर सुरुवातीच्या कोऱ्या भागातच वेढा पुरा झाला, आकडे पुढंच राहिले. हे गंभीरपणे म्हणतात, ‘वजन दाखवत नाही.’ फीत गायींची आहे, कळतं हो मला. तरी रडू आलंच.

सासूबाई म्हणाल्या, ‘डॉक्टरांना विचार.’ तर हे गेले गुरांच्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, ‘तांबडीसारखी असेल. वासरू बारीक, वाढ सावकाश, पण चिवट.’ इतकं बरं वाटलं मला… तर ह्यांनी पुढचंही सांगून टाकलं. ‘पांढरी एकदा व्याली की दोन-दोन वर्षं थांबते. तांबडीचं तसं नाही, वासरू पायात घोटाळत असतं तोवर परत गाभण.’

सासूबाईंनी नेमकं तेवढंच ऐकलं. ‘मग दुसऱ्याचं काय?’

म्हटलं, ‘आई, आधी हिचं वजन भरू दे. ही अंगावर पिते अजून.’

आणि आज सकाळी दूध उतू गेलं, त्या वासानं मी तोंडाला पदर लावून ओकायला मोरीकडे पळाले. मागून आणखी दोनदा. सासूबाई नुसत्या गालात हसल्या. हे कामावर निघाले होते, दारातच थांबले. माझ्याकडे बघितलं, पाळण्याकडे बघितलं, म्हणाले, ‘तांबडीच.’

पोरीचं वजन भरत नाही ते नाहीच… आता माझं भरेल.