उंदराचं चालतं

(नंदुरबारचा दवाखाना. रंजनाबाईंच्या हाताला सलाईन. शेजारी सून सुनिता.)

रंजनाबाई : हाई औषध उंदीरना आंगमाईन काढेल शे? आनि तू माले आते सांगस?

सुनिता : तुम्हीच विचारलंत, आई. आता ते कारखान्यात बनतं. पण पहिलं सापडलं ते उंदरातच.

रंजनाबाई : मन्हा गयामा तुळशीनी माळ शे! अंडाले बी कधी हात लायेल नही. काढ ती सुई.

सुनिता : काढायला सांगते. पण गाठी परत येतील, डॉक्टर बोललेत.

रंजनाबाई : तू पुनामा हाईच काम करस ना?

सुनिता : हेच. उंदराच्या जनुकांतलं थोडं उंदराचं काढायचं, तिथं माणसाचं घालायचं. मग त्याच्या रक्तात रोगाशी लढणारं जे तयार होतं, ते माणसासारखं असतं.

रंजनाबाई : आनि साधा उंदीरनं दिधं ते?

सुनिता : अंग ओळखतं. परकं आलं म्हणून उसळतं. कधी माणूस दगावतो.

रंजनाबाई : आनि हाई औषध?

सुनिता : याला अंग बहुतेक आपलं म्हणतं.

रंजनाबाई : मंग ते उंदीरनं ऱ्हायनंच कोठे? राहू दे सुई. देव समजी लेई.

सुनिता : बरं झालं. ओठ सुकलेत तुमचे. पाणी देऊ?

रंजनाबाई : योगेंद्रले येऊ दे. पोऱ्याना हातनं पिसू.

सुनिता : त्याला उशीर आहे. आई, घ्या की माझ्या हातचं.

रंजनाबाई : तुले कधी वाकडं बोलनू का मी? पन तू काठी गावनी, आदिवासीनी पोर. तुम्हना घर कोंबडं, बकरं सगळं चालस.

सुनिता : लग्नापासून मी तसलं काही खाल्लं नाही.

रंजनाबाई : लहानपने खायेल ते आंगमा ऱ्हासच ना.

सुनिता : मला त्या औषधाचा हेवा वाटतो. खरंच वाटतो. पाच वर्षं झाली मला तुमच्या घरात.

रंजनाबाई : आते दवाखानामा रडू नको.

सुनिता : रडत नाही. मला दिवस गेलेत, आई. त्या लेकराच्या हातचं तरी पाणी घ्याल का?

रंजनाबाई : काय सांगस! योगेंद्रले माहीत शे?

सुनिता : आहे. तुम्ही घ्याल का, ते सांगा.

रंजनाबाई : मन्हा पोऱ्यानं लेकरू शे ते…

सुनिता : माझंही आहे.

रंजनाबाई : सुनिता, तुम्ही उंदीरमाईन उंदीरनं काढी लेतस. लेकरूमाईन काही काढता येस का?

सुनिता : नाही, आई. माझंही राहील, तुमचंही राहील.